गोष्ट हवीय? मग बर्फ पडल्यावर या

दिवस १, सोमवार

लेकीकडे मिनियापोलिसला येऊन दीड महिना झाला होता. मॉल बघून झाले, नायगारा बघून झाला (तो सगळ्यांना बघावाच लागतो, सुटका नाही), मग जावई म्हणाले आई आता तुम्ही सांगा कुठं जायचं. मी म्हटलं मला एक लायब्ररी बघायचीय. त्यांना वाटलं न्यूयॉर्कची, ती दारात सिंह बसलेली. म्हटलं नाही हो, इथून अडीच-तीन तासांवर विस्कॉन्सिनच्या जंगलात आहे, आदिवासींच्या कॉलेजची. लेक म्हणाली आई तू रिटायर झालीस ना गं.

झालेय की. नंदुरबार जिल्ह्यात एका कॉलेजात एकतीस वर्षं लायब्ररियन होते, निम्म्याहून जास्त मुलं भिल्ल आणि पावरा. त्यामुळे अमेरिकेत आदिवासींची स्वतःची कॉलेजं आहेत, स्वतः चालवलेली, हे जेव्हा पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून डोक्यात किडा होता. पहिलं असं कॉलेज नावाहो लोकांनी १९६८ साली काढलं, आता तीसच्या वर आहेत. मी निवडलं ते ओजिब्वे जमातीचं, लॅक कोर्ट ओरेल ओजिब्वे युनिव्हर्सिटी, १९८२ ला कॉलेज म्हणून सुरू झालेलं. हे नाव मी गाडीत शंभरदा घोकलं आणि पेट्रोल पंपावर गेल्यावर कळलं की तिथले लोक त्याचा उच्चार 'लाकूदरे' असा काहीतरी करतात. जावई म्हणाले, लाकूड रे! आणि गंमत म्हणजे ते चुकीचंही नाही, कारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या भागातले पाइन अक्षरशः साफ करून नेले लाकूडवाल्यांनी. मूळ फ्रेंच नावाचा अर्थ 'आखूड कानवाल्यांचं तळं'. ओजिब्वे लोक स्वतः त्याला ओदावा-झागाइगन म्हणतात, त्यात कानाबिनाचा काही संबंध नाही.

लेबर डेची (सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारची) सुट्टी होती त्यामुळे समोरून शहराकडे परतणाऱ्या गाड्यांची रांग, बोटी लादलेल्या, सायकली लादलेल्या, आणि आमच्या बाजूचा रस्ता मोकळा. हेवर्डला मुक्काम केला. इथं एक मासेमारीचं म्युझियम आहे, बाहेर १४३ फुटी मासा उभा केलाय आणि लोक त्याच्या जबड्यात जाऊन फोटो काढतात. आम्हीपण काढला. याच्याबद्दल एवढंच.

हो, एक राहिलं. याच गावात १९०१ पासून पुढची तीसेक वर्षं सरकारी इंडियन, म्हणजे इथल्या आदिवासी मुलांचं, बोर्डिंग स्कूल होतं. माशाच्या पाट्या गावभर दिसल्या, त्या शाळेची पाटी काही माझ्या नजरेला पडली नाही. ती शाळा उद्या परत येईल गोष्टीत.

दिवस २, मंगळवार

सकाळी गाडीत रेडिओ लावला, ८८.९, डब्ल्यूओजेबी. हे स्टेशनपण याच जमातीचं आणि हेपण १९८२ चंच. म्हणजे एकाच वर्षी कॉलेज आणि रेडिओ दोन्ही! आमच्याकडे एका वर्षात झेरॉक्स मशीनची मंजुरी येत नाही. (आली की टोनर नसतो.)

लायब्ररी मी मनात खूप मोठी आणि गंभीर करून ठेवली होती. निघाली अगदी तालुक्याच्या गावातल्या चांगल्या वाचनालयासारखी. नावातच 'कम्युनिटी' आहे, म्हणजे कॉलेजची लायब्ररी तीच आणि गावाची सार्वजनिकपण तीच. एक मुलगी असाइनमेंट टाइप करत होती, शेजारी एक आजोबा कसला तरी फॉर्म प्रिंट करायला आलेले, एका बाईंच्या कडेवर पोर आणि हातात चित्रांची पुस्तकं. म्हणजे 'संग्रह' 'जतन' असे शब्द मी घेऊन गेले होते आणि समोर चालू होतं ते रोजचं, प्रिंटरमध्ये कागद अडकलाय वगैरे.

तिथल्या लायब्ररियन बाईंना मी आधी मेल केला होता. भेटल्यावर 'बूझू' म्हणाल्या, म्हणजे नमस्कार, मीपण म्हटलं, उच्चारावर हसल्या नाहीत हे विशेष. तिथं सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, मला काही ते जमलं नाही, मी आपली शेवटपर्यंत मॅडमच म्हणत राहिले.

सगळ्यात आधी मी काय केलं असेल तर शेल्फ बघितली. सवय. इथल्या बहुतेक कॉलेजांत लायब्ररी ऑफ काँग्रेसचं वर्गीकरण चालतं आणि त्यात ओजिब्वे लोकांचा नंबर आहे ई ९९ सी ६. सी कशाचा? चिप्पेवाचा, म्हणजे सरकारनं करारांवर लिहिलेल्या नावाचा. आणि ई म्हणजे अमेरिकेचा इतिहास. जिवंत माणसं, त्यांचं औषधपाणी, शेती, भाषा, कोर्टकचेऱ्या, या सगळ्यावरची कितीतरी पुस्तकं 'इतिहास' या एका फडताळात कोंबलेली. मी बाईंना म्हटलं माझ्याकडे डेवीचं वर्गीकरण होतं, त्यात भिलांची गाणी, कथा काहीही आलं की ३९८, लोकसाहित्य. देवाची गोष्ट असली तरी लोकसाहित्य. कारण देवाचा २०० चा वर्ग आधीच भरलेला, त्यातले बरेचसे नंबर ख्रिस्ती धर्मालाच दिलेले. त्या म्हणाल्या तुमचंही तेच का. तिथून आमचं जमलं.

मग शब्दकोश. ओजिब्वे भाषेचा जुना मोठा छापील कोश बरागा नावाच्या स्लोव्हेनियन मिशनऱ्याचा, १८५३ चा. आपला मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१ चा, म्हणजे साधारण तोच काळ आणि तोच प्रकार, बाहेरून आलेल्या माणसानं आपले शब्द वेचून ठेवले. फरक एवढाच की मोल्सवर्थ नसता तरी मराठी बोलली गेलीच असती. इथं बरागानंतर पन्नास वर्षांत ती बोर्डिंग स्कूलं आली, लहान पोरांना घरापासून तोडून नेलं आणि भाषा बोलली की शिक्षा. बाई म्हणाल्या माझ्या आजीला येत होती पण तिनं आईला शिकवली नाही, मुद्दाम, पोरीला मार बसू नये म्हणून. आता बाईंचा नातू गावातल्या वाडूकोडाडिंग नावाच्या शाळेत जातो, २००१ पासून आहे, तिथं सगळे विषय ओजिब्वेतून. म्हणजे नातवाला येते आणि आजीला, म्हणजे या बाईंना, येत नाही, ती नातवाकडून शिकते. मधल्या तीन पिढ्या रिकाम्या.

लायब्ररीला ओजिब्वेत काय म्हणतात विचारलं. अगिंदासूविगमिग. विगमिग म्हणजे घर आणि अगिंदासो म्हणजे वाचणे, पण त्याचा अर्थ मोजणे असाही होतो. मग मी त्यांना सांगितलं की आमच्या भाषेतपण वाचणेचे दोन अर्थ आहेत, एक पुस्तक वाचणे आणि दुसरा मरणातून वाचणे. त्या काहीच बोलल्या नाहीत, टेबलावरच्या चिठ्ठीवर लिहून घेतलं, इंग्रजी अक्षरात, 'वाचने'. ण मी दुरुस्त केला नाही.

दुपारी कानाला हेडफोन लावून बसवलं मला. मिनेसोटा युनिव्हर्सिटीनं २०१२ मध्ये ओजिब्वेचा ऑनलाइन कोश सुरू केलाय, शब्दावर क्लिक केलं की म्हाताऱ्या माणसांच्या आवाजात तो ऐकू येतो. मी लावला असिन, म्हणजे दगड. एक म्हातारा आवाज, किंचित घोगरा, शब्द संपल्यावर थोडा श्वास. मी तो सात-आठ वेळा ऐकला असेल. या भाषेत नामांचे दोन भाग, सजीव आणि निर्जीव, आणि दगड सजीव! रास्पबेरी सजीव, पण स्ट्रॉबेरी निर्जीव, आणि स्ट्रॉबेरीचं नाव ओदेइमिन म्हणजे हृदयाचं फळ. का असं, विचारायचं नाही. आपण तरी कुठं सांगू शकतो की खुर्ची ती का आणि टेबल ते का.

आणि मग मी चूक केली. म्हणजे चूक नाही म्हणता येणार, पण. मी विचारलं की वेनाबोझोच्या गोष्टींचं काही रेकॉर्डिंग आहे का, किंवा तुम्हीच एखादी सांगा ना. हा त्यांचा मोठा नायक, अर्धा देव अर्धा खोडकर. बाईंनी खिडकीकडे बघितलं, बाहेर लख्ख ऊन. म्हणाल्या, "जमिनीवर बर्फ नाहीये. बर्फ पडल्यावर या."

मला वाटलं चेष्टा करतायत. नव्हत्या करत. या पवित्र गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगायच्या, बर्फ असताना, असा नियम आहे आणि तो पाळतात. पुस्तकात छापल्या असल्या तरी त्या स्वतः तोंडानं सांगणार नाहीत.

आता मी कोणत्या शाळेतली? एस. आर. रंगनाथनांच्या, आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राच्या जनकांच्या. १९३१ सालचे पाच सूत्र, पहिलं, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. हे मी बी.लिब.च्या मुलांना तोंडपाठ करून घ्यायचे. आणि समोर एक लायब्ररियन म्हणतेय की वाचका, तू तीन महिन्यांनी ये. रात्री मोटेलमध्ये लेकीला म्हटलं, हे काही पटलं नाही गं मला, लायब्ररीत येऊन नाही म्हणतात म्हणजे काय.

दिवस ३, बुधवार

सकाळी बाईंच्या ओळखीनं एका तळ्याच्या काठावर गेलो, मनूमिन काढायचे दिवस होते. मनूमिन म्हणजे ज्याला अमेरिकन दुकानात वाइल्ड राइस म्हणतात. खरं तर ते भातच नाही, पाण्यात उगवणारं वेगळं गवत. पण मी सगळ्यांत खूश झाले ती इथं, कारण सगळं ओळखीचं. होडीत दोघं, एक जण मागं उभा राहून लांब दांड्यानं होडी रेटतो, दुसरा बसून एका काठीनं ताटं होडीवर वाकवतो आणि दुसऱ्या काठीनं हलकेच झोडपतो, सीडरच्या हलक्या काठ्या, जोरात मारायचं नाही. पिकलेला दाणा तेवढा होडीत पडतो, काही पाण्यात पडतो, ते पुढच्या सालचं बी. हिरवा दाणा ताटावरच राहतो, चार-आठ दिवसांनी परत यायचं. मग काठावर ते वाळवायचं, लोखंडी कढईत सतत हलवत भाजायचं, खड्ड्यात घालून मऊ जोडे घालून तुडवायचं म्हणजे टरफल सुटतं, आणि शेवटी बर्चच्या सालीच्या पसरट सुपात पाखडायचं. पाखडणारी बाई पंचावन्न-साठीची असेल, मनगटाची ती हालचाल, सूप पुढं झुकवून झटका, कोंडा उडतो दाणा मागं सरकतो, मी म्हटलं द्या इकडे. तिनं दिलं. पहिल्या दोन झटक्यांत मी बराच मनूमिन गवतात सांडला, सुपाचा तोल वेगळा असतो, आपल्या सुपाला मागं भिंत असते. तिसऱ्याला जमलं. जावयांनी व्हिडिओ काढलाय, त्यात फक्त सांडतानाचा भाग आलाय.

ओजिब्वे लोकांची जुनी कथा आहे (ही ऐकायला बर्फ लागत नाही) की ते पूर्वेच्या समुद्राकडून चालत निघाले ते 'जिथं अन्न पाण्यावर उगवतं' अशी जागा शोधत. ती जागा हीच.

दुपारी परत लायब्ररीत. टेबलावर 'मझिनाइगन' नावाचा फुकट पेपर पडला होता, ओजिब्वे जमातींच्या मासेमारी-वनहक्क बघणाऱ्या कमिशनचा, नावाचा अर्थ कागद किंवा पुस्तक. त्यावरून करारांचा विषय निघाला. १८३७ आणि १८४२ च्या करारात यांनी केवढीतरी जमीन सरकारला दिली, पण शिकारीचा, मासे धरायचा, मनूमिन काढायचा हक्क राखून ठेवला. १८५४ च्या करारात ही रिझर्वेशनं, म्हणजे जमातींसाठी राखून ठेवलेल्या जमिनी, ठरली. मग शंभर वर्षं राज्य सरकार म्हणत राहिलं की तुमचा हक्क रिझर्वेशनच्या आत, बाहेर आमचे कायदे. १९७४ मध्ये इथल्याच ट्रिबल आडनावाच्या दोन भावांनी रिझर्वेशनच्या हद्दीबाहेर भाल्यानं मासे मारले, अटक झाले, केस नऊ वर्षं चालली आणि १९८३ मध्ये फेडरल अपील कोर्टानं सांगितलं, हक्क शाबूत आहे. जुना कागद आणि म्हाताऱ्यांची आठवण, दोन्ही लागलं. त्यानंतर बोटींच्या धक्क्यांवर दगडफेक, शिव्या, ते सगळं झालं, काही वर्षं चाललं. बाईंनी ते स्वतः बघितलंय. त्यावर त्या फार बोलल्या नाहीत आणि मी खोदलं नाही.

भिंतीवर नकाशा होता. त्यातला एक मोठा निळा भाग दाखवून म्हणाल्या हे तळं नाही. १९२३ मध्ये वीज कंपनीनं धरण बांधलं, या लोकांनी नाही म्हटलेलं असताना, आणि पोस्ट नावाचं गाव, मनूमिनची तळी, कबरी, सगळं पाण्याखाली गेलं. आता तिथं सुट्टीला लोक बोटी चालवतात. मी नंदुरबारची, मला सरदार सरोवरात गेलेली मणिबेलीपासूनची नर्मदाकाठची तेहतीस गावं आठवणारच. माझ्या कॉलेजात त्या गावांची पोरं होती. ॲडमिशन फॉर्मवर 'मूळ गाव' असा रकाना असतो, तो भरताना ती थांबायची.

आणि मग मी बाईंना ती कॅसेटची गोष्ट सांगितली, जी मी घरीसुद्धा नीट सांगितलेली नाही. १९९० च्या दशकात मी आणि दोन विद्यार्थ्यांनी मिळून पावरा म्हाताऱ्यांची गाणी रेकॉर्ड केली होती, चौदा कॅसेट, टेपरेकॉर्डर माझा, सेल माझ्या पगारातले. एका संस्थेनं मागितल्या, म्हणाले कॉपी करून परत देतो. दिल्या. चार पत्रं लिहिली, नंतर तिथं तो माणूसच राहिला नाही. गाणारे तर केव्हाच गेले. त्यांची नातवंडं मला बाजारात भेटतात आणि विचारतात, मॅडम आज्याचा आवाज होता ना तुमच्याकडं.

बाई म्हणाल्या आमचं तर मेणाचं होतं. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्सेस डेन्समोर नावाची बाई फोनोग्राफ घेऊन ओजिब्वे वस्त्यांवर फिरली, मेणाच्या नळकांड्यांवर गाणी भरली, १९१० आणि १९१३ मध्ये पुस्तकं आली, नळकांडी वॉशिंग्टनला गेली. लोकांना आपल्याच आज्याचं गाणं ऐकायचं तर वॉशिंग्टन. १९७९ नंतर लायब्ररी ऑफ काँग्रेसनं अशा नळकांड्यांच्या कॅसेट करून जमातींकडे परत पाठवायला सुरुवात केली. परत आल्यावर पुढचा प्रश्न, की यातलं काय कुणी ऐकायचं? काही गाणी एका घराण्याची, काही औषध देणाऱ्याची, काही विधीत सोडून कधीच म्हणायची नाहीत. रेकॉर्ड करणारीनं तेव्हा पैसे दिले आणि घेतलं, गाणाऱ्याच्या नातवाला कुणी विचारलं नाही. म्हणून २००६ मध्ये इथल्या आदिवासी आणि बाहेरच्या लायब्ररियन-आर्काइव्हवाल्यांनी बसून नियम लिहिले, की असं साहित्य ज्यांचं आहे त्यांना विचारल्याशिवाय उघडं करायचं नाही. एक सॉफ्टवेअर पण आहे, मुकुर्तु, ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांसोबत तयार झालेलं, त्यात प्रत्येक फोटोला, आवाजाला लिहिता येतं की हे कुणी बघायचं, कोणत्या ऋतूत. ऋतू! मी ॲक्सेशन रजिस्टरमध्ये बारा-पंधरा रकाने भरले आयुष्यभर, लेखक, प्रकाशक, किंमत, बिल नंबर. ऋतूचा रकाना कधी बघितला नाही.

तेव्हा मला माझ्याच चौदा कॅसेटबद्दल एक गोष्ट आठवली जी मी सोयीस्करपणे विसरले होते. सातव्या कॅसेटला एका म्हाताऱ्यानं मध्येच थांबून सांगितलं होतं, हे इंदलच्या रात्रीचं आहे (इंदल म्हणजे पावऱ्यांचा रात्रभराचा विधी), असं दिवसा म्हणत नाहीत, बंद कर. मी म्हटलं होतं बाबा म्हणा, नाहीतर राहून जाईल. आणि त्यानं म्हटलं. माझ्या शब्दाखातर. मग ती कॅसेट मी दिली कुणालातरी.

हे मी बाईंना सांगितलं नाही. इथं लिहितेय.

दिवस ४, गुरुवार

परत जायचा दिवस, पण वाट वाकडी करून उत्तरेला बेफील्डला गेलो, तिथून वीसेक मिनिटांची फेरीबोट, मॅडलिन बेट. सुपीरियर तळं आहे म्हणतात, मला तर समुद्रच वाटला, फक्त खारा वास नाही, त्यामुळे काहीतरी चुकल्यासारखं होत राहतं. ओजिब्वे लोकांच्या त्या प्रवासाचा शेवटचा मुक्काम हाच. १८५४ चा करार इथल्याच ला पॉइंटला झाला. शब्दकोशवाला बरागा १८३५ मध्ये इथंच उतरला. आणि इथल्या कबरस्तानात चीफ बफेलो आहे, बिझिकी. १८५२ मध्ये, वय नव्वदीच्या वर, हा माणूस बर्चच्या सालीच्या होडीतून वॉशिंग्टनला निघाला, प्रेसिडेंट फिलमोरला भेटायला, की आम्हाला इथून हलवू नका. दोन वर्षांपूर्वी सरकारनं जमिनीच्या मोबदल्याचे वार्षिक पैसे वाटायची जागा मुद्दाम लांब सँडी लेकला नेली होती, ऐन हिवाळ्याच्या तोंडाला, आणि त्यात चारेकशे माणसं मेली होती, उपासानं, आजारानं, परतीच्या बर्फात. म्हातारा गेला, भेटला, हलवण्याचा हुकूम रद्द करून आला. १८५५ मध्ये वारला. मी तिथं चप्पल काढून उभी राहिले, जावई म्हणाले आई इथं काढत नाहीत, मी म्हटलं असू दे.

रात्री साडेनऊला घरी. बाईंनी निघताना एक पिशवी मनूमिन दिला होता आणि बजावलं होतं की हा हातानं भाजलेला आहे, दुकानातला काळा नाही, वीस मिनिटांत शिजतो, लक्ष ठेवा. मी काय केलं, सवयीनं कुकर लावला आणि तीन शिट्ट्या. झाली पेज. तूप-मीठ घालून खाल्ली, वास मात्र काय सांगू, भाजलेल्या गवताचा आणि धुराचा. अर्धी पिशवी शिल्लक आहे.

जेवताना जावयांना विचारलं, हेवर्डकडे बर्फ कधी पडतो हो. म्हणाले नोव्हेंबरात धरतो बहुतेक, का? माझं परतीचं तिकीट अठ्ठावीस ऑक्टोबरचं आहे. म्हटलं, बघा ना जरा, पुढं ढकलायला किती पैसे घेतात.